चिनी नोटेवरचा '१' म्हणजे नेमका किती? युआन, ज्याओ आणि फनचा हिशेब

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगाव लागतं. बाहेरच्यांना ते महागणपतीमुळे माहीत, शिरूर तालुक्यातल्या लोकांना एमआयडीसीमुळे. फ्रिज, टीव्ही, गाड्या असं बरंच काही इथे बनतं. छिंगदाओ या चिनी शहरातली हायर ही कंपनी २००७ पासून इथे आहे. तिकडे दौंड तालुक्यात कुरकुंभची एमआयडीसी, ती केमिकलवाल्यांची. त्यामुळे या दोन तालुक्यांत चीनला जाऊन आलेला माणूस आता नवलाचा राहिलेला नाही. कुणी ट्रेनिंगला जातं, कुणी मशीन बघायला, कुणी यीवूच्या घाऊक बाजारात माल ठरवायला. कुणाची मुलगी तिकडे एमबीबीएस करून येते.

परत येताना मोठ्या नोटा बदलून मिळतात. चिल्लर मात्र कुणाला नको असते. मनी चेंजर सहसा नाणी घेत नाहीत आणि बारक्या नोटा बघून नाक मुरडतात. मग त्या नोटा पाकिटातून कपाटात, कपाटातून पोरांच्या हातात जातात. एखाद्या दिवशी कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं, "याची किंमत किती येईल?" त्यावर उत्तरं येतात बारा रुपयांपासून दोन लाखांपर्यंत.

दोन्ही उत्तरं बहुधा चुकलेली असतात. कारण लोक नोटेवरचा आकडा वाचतात, पण तो आकडा कशाचा आहे हे वाचत नाहीत. चीनमध्ये '१' लिहिलेल्या कागदी नोटा तीन प्रकारच्या निघाल्या आहेत. त्यातली सगळ्यात मोठी नोट सगळ्यात लहान नोटेच्या शंभरपट किमतीची आहे.

आधी नावं समजून घेऊ

चीनच्या चलनाचं नाव रनमिनबी. शब्दाचा अर्थ 'लोकांचं चलन'. युआन हे त्या चलनाचं एकक. म्हणजे 'माझ्याकडे पाच रनमिनबी आहेत' असं कुणी म्हणत नाही, पाच युआन आहेत असं म्हणतात. ब्रिटनचं चलन स्टर्लिंग आणि मोजायचं पौंडात, तसाच हा प्रकार.

युआनचे दहा भाग केले की एक ज्याओ. ज्याओचे दहा भाग केले की एक फन. म्हणजे १ युआन = १० ज्याओ = १०० फन.

आपल्याला यात गोंधळायला होतं ते मधल्या पायरीमुळे. आज आपल्याकडे रुपयाखाली थेट पैसा आहे. पण आजी-आजोबांना विचारलं तर त्यांना हे लगेच कळेल, कारण त्यांच्या लहानपणी रुपया आणि पैसा यांच्या मध्ये आणा होता. १ रुपयाचे १६ आणे, १ आण्याचे ४ पैसे, एका पैशाच्या ३ पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि ही मधली पायरी हिशेबातून गेली, बोलण्यातून मात्र गेली नाही. 'चार आणे', 'आठ आणे' आपण पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिलो, अगदी २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ ला बंद होईपर्यंत. चीनने दशमान पद्धतही ठेवली आणि मधली पायरीही ठेवली. ज्याओ म्हणजे त्यांचा आणा, फक्त सोळाऐवजी दहाच्या हिशेबातला.

युआन या शब्दाचा मूळ अर्थ 'गोल'. चांदीच्या गोल नाण्यांवरून तो आला. जपानचा येन आणि कोरियाचा वॉन हे शब्दही त्याच मुळातून आलेले.

आता गंमत अशी की चीनच्या दुकानात तुम्हाला युआन आणि ज्याओ हे शब्द फारसे ऐकूच येणार नाहीत. बोलताना युआनला 'ख्वाय' म्हणतात, म्हणजे तुकडा. ज्याओला म्हणतात 'माओ'. छापील आणि बोलीतला हा फरक नवख्या माणसाला चांगलाच गंडवतो. त्यात शेवटचं एकक बोलताना गाळून टाकायची सवय. 'सान ख्वाय वू' म्हणजे शब्दशः 'तीन तुकडे पाच'. याचा अर्थ तीन युआन आणि पाच ज्याओ, म्हणजे साडेतीन. तीन युआन आणि पाच फन नव्हे. आणि हो, हा 'माओ' आणि माओ त्से-तुंग यांचं आडनाव लिहायचं चिन्ह एकच आहे. त्याचा साधा अर्थ केस किंवा लोकर.

सात नोटांचा हिशेब

समजा, कपाटात सात नोटा सापडल्या. तीन नोटांवर १, दोन नोटांवर ५, आणखी एका नोटेवर १ आणि आणखी एका छोट्याशा नोटेवर ५. सगळे आकडे युआन समजून बेरीज केली तर ३ अधिक १० अधिक १ अधिक ५, म्हणजे १९ युआन. गेल्या काही वर्षांत युआनचा भाव साधारण अकरा ते तेरा रुपयांच्या दरम्यान फिरतो आहे. सोयीसाठी बारा धरला तर २२८ रुपये.

पण पहिल्या तीन नोटा ज्याओच्या निघाल्या, पुढच्या दोन पाच-पाच ज्याओच्या, एक नोट खरोखर १ युआनची आणि ती छोटीशी ५ फनची, तर बेरीज होते २ युआन ३५ फन. म्हणजे सुमारे २८ रुपये. त्यातही फनच्या कागदी नोटा १ एप्रिल २००७ पासून चलनातून बाद झाल्या आहेत, म्हणजे ते पाच फनही गेले. राहिले साडेसत्तावीस रुपये, एवढ्यात दोघांचा चहा आणि एक वडापाव.

हा फरक घरच्या घरी असला तर हसून सोडून देता येतो. पण कुणी 'चीनचे पाच युआन, साठ रुपयांची नोट, तुला पन्नासला देतो' म्हणून पाच ज्याओची नोट विकली, तर घेणाऱ्याने सहा रुपयांच्या कागदाला पन्नास मोजलेले असतात. ऑनलाइन विक्रीत हे होतं ते नेहमीच लबाडीने नाही. बऱ्याचदा विकणाऱ्यालाही एकक माहीत नसतं.

चिनी न वाचता नोट कशी ओळखायची?

यासाठी चिनी भाषा शिकायची गरज नाही. नोट उलटी करा आणि मागची बाजू बघा. मागे चीनचं राजचिन्ह (तारे, तिएनआनमेन दरवाजा, भोवती धान्याच्या लोंब्या) असेल तर नोट ज्याओची किंवा फनची. मागे निसर्ग, इमारत किंवा काम करणारी माणसं असतील तर नोट युआनची. १९६२ नंतर निघालेल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मालिकेच्या नोटांना आणि फनच्या सगळ्या नोटांना हा नियम लागू पडतो. आपल्याकडच्या कपाटांत येतात त्या जवळपास सगळ्या याच.

दुसरी खूण रोमन अक्षरांची. ज्याओ आणि युआनच्या नोटांवर चिनी उच्चार इंग्रजीसारख्या अक्षरांत छापलेला असतो. वाय-यू-ए-एन दिसलं तर युआन, जे-आय-ए-ओ दिसलं तर ज्याओ. त्याआधी 'यी' असेल तर एक, 'अर' असेल तर दोन, 'वू' असेल तर पाच.

फनच्या नोटांवर ही अक्षरं नाहीत आणि त्याला कारण आहे. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची 'पिनयिन' पद्धत १९५८ मध्ये अधिकृत झाली. फनच्या नोटांचा आराखडा १९५३ चा आणि त्या चलनात आल्या १ मार्च १९५५ ला. त्यामुळे त्या चित्रावरून ओळखायच्या. १ फनवर ट्रक, २ फनवर विमान, ५ फनवर जहाज. रंग अनुक्रमे पिवळसर तपकिरी, निळा आणि हिरवा. आकार इतका लहान की पहिल्यांदा हातात घेतली की लॉटरीचं तिकीट वाटावं.

या फनच्या नोटांवर दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक म्हणजे त्यांच्यावर रोमन आकडे छापलेले असतात. घड्याळाच्या तबकडीवर असतात तसे, दोन किंवा तीन एका ओळीत. ती नोटेची किंमत नाही, तो छपाईच्या गटाचा क्रमांक आहे. दुसरं म्हणजे साल. नोटेवर १९५३ आहे म्हणून ती सत्तर वर्षं जुनी, असं होत नाही. त्याच आराखड्यावर पुढे कित्येक वर्षं छपाई चालू राहिली. सुरुवातीच्या फनच्या नोटांवर रोमन आकड्यांच्या जोडीला सात आकडी क्रमांकही असायचा. नंतरच्या नोटांवर फक्त रोमन आकडे. संग्राहक किंमत देतात ती सात आकडी क्रमांकाच्या नोटेला. नुसत्या रोमन आकड्यांच्या नोटा गठ्ठ्यांनी मिळतात.

नोटेवरची चिनी आकड्यांची चिन्हं खूप किचकट का दिसतात, हाही प्रश्न पडतो. चिनीत साधा 'एक' म्हणजे एक आडवी रेघ, 'दोन' म्हणजे दोन रेघा, 'तीन' म्हणजे तीन. पेनाने एक रेघ वाढवली की रक्कम वाढली! म्हणून पैशांच्या कागदपत्रांत आणि नोटांवर आकड्यांची वेगळी, मुद्दाम अवघड केलेली चिन्हं वापरतात. आपण चेकवर 'अक्षरी रुपये' लिहितो त्यामागेही हीच भीती आहे.

कोणत्या नोटेवर कोण?

आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडते ती चौथी मालिका. ती २७ एप्रिल १९८७ पासून टप्प्याटप्प्याने आली. या मालिकेतल्या बारक्या नोटांवर कुणी नेता नाही. चीनमध्ये सरकारदरबारी ५६ वांशिक समूह मानले जातात, त्यांतली माणसं जोडीजोडीने या नोटांवर आहेत. १ ज्याओवर गाओशान आणि मांचू पुरुष. २ ज्याओवर बुयी आणि कोरियन वंशाच्या तरुणी. ५ ज्याओवर म्याओ आणि झुआंग. १ युआनवर दोंग आणि याओ, मागे चीनची भिंत. २ युआनवर उइगुर आणि यी. ५ युआनवर तिबेटी स्त्री आणि हुई समाजातला म्हातारा. १० युआनच्या मागे तर एव्हरेस्ट आहे, अर्थात चीनच्या बाजूचा.

या मालिकेतल्या बहुतेक नोटा १ मे २०१८ पासून चलनातून बाद झाल्या. अपवाद १ ज्याओ आणि ५ ज्याओच्या नोटांचा, त्या यादीतून वगळल्या गेल्या. म्हणजे चौथ्या मालिकेतली १०० युआनची नोट दुकानात चालत नाही आणि तिच्या हजाराव्या भागाची १ ज्याओची नोट कायद्याने चालते.

त्याआधीची तिसरी मालिका २० एप्रिल १९६२ पासूनची. तिचा तोंडवळाच निराळा. तिच्यावर कामगार आणि शेतकरी आहेत. १ युआनवर ट्रॅक्टर चालवणारी बाई, २ युआनवर लेथवर काम करणारा कामगार, ५ युआनवर पोलाद कामगार, ५ ज्याओवर सूतगिरणी, २ ज्याओवर यांगत्से नदीवरचा वुहानचा पूल. रांजणगावच्या शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्या माणसाला लेथची ती नोट विशेष आवडावी. जगात मशिनिस्टचं चित्र असलेल्या नोटा तशा कमीच. ही मालिका १ जुलै २००० ला बंद झाली.

तिसऱ्या मालिकेतली १ ज्याओची नोट मात्र नीट बघून घ्यावी. तिचे उपप्रकार आहेत. खजुरासारख्या तांबूस रंगाची १९६० सालची नोट आणि पाठ हिरवी असलेली १९६२ सालची नोट या दोन्ही दुर्मिळ मानल्या जातात. हिरव्या पाठीची नोट लोक २ ज्याओच्या हिरव्या नोटेत मिसळू लागले, म्हणून ती लवकरच मागे घ्यावी लागली. नेहमीची तपकिरी १ ज्याओ मात्र ढिगाने मिळते. फोटोत रंग नीट दिसत नाही, त्यामुळे 'दुर्मिळ १ ज्याओ' नुसता फोटो बघून घेण्यात शहाणपण नाही.

पाचवी मालिका १ ऑक्टोबर १९९९ पासून सुरू झाली. तिच्या सगळ्या नोटांवर एकटे माओ आहेत. म्हणून आणखी एक सोपी खूण: एकटे माओ दिसले की नोट युआनचीच, कमीत कमी १ युआन. या मालिकेत ज्याओच्या कागदी नोटा काढल्याच नाहीत, फक्त नाणी काढली. २ युआनची नोटही गेली आणि २० ची नवीन आली. १ युआनच्या मागे हांगझौच्या तळ्यातलं दृश्य, ५ च्या मागे ताइशान पर्वत, १० च्या मागे यांगत्सेची घळ.

मागच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत चार वेगळ्या लिप्या दिसतात. उभी मोंगोलियन, तिबेटी, अरबी वळणाची उइगुर आणि रोमन अक्षरांतली झुआंग. आपल्या नोटेवरच्या भाषांच्या पट्टीत १५ भाषा आहेत आणि मराठी त्यात वरून आठवी. चीनच्या नोटेवर चारच. यातली तिबेटी ओळ जरा निरखून बघा. ती वाचता येत नाही, पण अक्षरांची ठेवण ओळखीची वाटते. देवनागरी आणि तिबेटी, दोन्ही लिप्या ब्राह्मीच्या घराण्यातल्या आहेत. फनच्या नोटांवर झुआंग भाषा नाही, ती नंतर आली.

दहा हजारांची एक

जुन्या चिनी नोटांमध्ये कधी कधी १०,००० किंवा ५०,००० युआनची नोट दिसते आणि बघणाऱ्याचे डोळे विस्फारतात. या नोटा पहिल्या मालिकेतल्या, १९४८ ते १९५५ या काळातल्या. युद्ध आणि महागाईने पैशाची किंमत इतकी घसरली होती की १ मार्च १९५५ ला सरकारने जुने १०,००० युआन म्हणजे नवा १ युआन असं ठरवून टाकलं. त्या हिशेबाने ५०,००० ची नोट नव्या पाच युआनची झाली. अर्थात संग्राहकांच्या बाजारात पहिल्या मालिकेला मोठा भाव आहे आणि म्हणूनच तिच्या नकलाही भरपूर निघतात. अशी नोट कपाटात सापडली तर आनंद करण्याआधी जाणकाराला दाखवावी.

या पहिल्या मालिकेच्या जन्मस्थानाशी आपल्याकडचा एक धागा जुळतो. दौंड जंक्शनवरून पुढे गेलेल्या रुळावर सोलापूर आहे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं गाव. १९३८ मध्ये भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. ज्या डोंगराळ भागात त्यांनी शेवटची वर्षं काम केलं, त्या जिन-छा-जी सीमाभागाची स्वतःची बँक होती आणि स्वतःच्या नोटाही. ही बँक पुढे १९४८ मध्ये उत्तर चीनच्या बँकेत विलीन झाली. त्याच वर्षी १ डिसेंबरला ती आणखी दोन बँकांबरोबर एकत्र येऊन 'पीपल्स बँक ऑफ चायना' तयार झाली. त्याच दिवशी शिच्याच्वांग शहरात पहिली रनमिनबी निघाली. कोटणीसांची समाधीही त्याच शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे.

नोटेसारखं दिसतं, पण नोट नाही

चिनी कागदांच्या स्वस्त गठ्ठ्यात सगळ्यात जास्त भरताड असते ती रेशनच्या कुपनांची. १९५५ ते १९९३ या काळात चीनमध्ये धान्य घ्यायला पैशांबरोबर कुपनही लागायचं. ही कुपनं छोटी, रंगीत, ट्रॅक्टर, पूल आणि शेतांची चित्रं असलेली. दिसायला अगदी फनच्या नोटेची बहीण. पण त्यावरचा आकडा पैशाचा नसून वजनाचा असतो. एकक 'जिन', म्हणजे अर्धा किलो. कुपनं गोळा करणं हा स्वतंत्र छंद आहे आणि चांगला छंद आहे, फक्त 'चीनची ५ ची नोट' म्हणून पाच जिन धान्याचं कुपन घेऊ नये.

दुसरा प्रकार बँक कॅशियरच्या सरावाच्या नोटांचा. नोटा मोजायची सवय व्हावी म्हणून चीनमध्ये खऱ्या नोटेसारखे कागद छापतात. त्यावर चिनीत 'सरावासाठी' असं लिहिलेलं असतं, पण ते वाचणार कोण? तिसरा प्रकार पितरांसाठी जाळायच्या नोटांचा. त्यावर दाढीवाला देव आणि लाखो-कोटींचा आकडा असतो, आणि बऱ्याचदा इंग्रजीत चक्क 'हेल बँक नोट', म्हणजे नरकाची बँक, असं छापलेलं असतं. आपल्याकडे पितरांना घास ठेवतात, तिकडे पैसे पाठवतात.

परकीय चलनाची प्रमाणपत्रं मात्र खरोखर पैसेच होती. १९८० पासून चीनला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना रनमिनबी मिळायची नाही, 'बँक ऑफ चायना'ची ही खास प्रमाणपत्रं मिळायची. त्यात १ आणि ५ ज्याओचीही होती. त्यावर इंग्रजी मजकूर असतो, म्हणून लोक ती बनावट समजतात. १९९५ च्या सुरुवातीला ती बंद झाली. संग्रहात ठेवायला उत्तम.

उभ्या आकाराची, सन यात-सेन यांचं चित्र असलेली नोट सापडली तर ती कम्युनिस्ट राजवटीच्या आधीच्या 'सेंट्रल बँक ऑफ चायना'ची. तिच्यावर बऱ्याचदा १९३० लिहिलेलं असतं, पण सर्वसाधारण चलनात या नोटा आल्या १९४२ पासून.

मग लाखाची नोट असते का?

असते, पण ती बहुधा तुमच्या कपाटात नसते. किंमत ठरते ती तीन गोष्टींवर: किती छापली, किती उरली आणि कोणत्या अवस्थेत उरली. चौथ्या मालिकेतली १ ज्याओची नोट अफाट संख्येने छापली गेली. ती घडी न पडलेली, कोरी असली तरी किरकोळ भावातच मिळते. घडी पडलेली, कोपरे झिजलेली असेल तर जवळजवळ काहीच नाही. क्रमांकाचं वेड तिकडेही आहे. आपल्याकडे ७८६ शोधतात, तिकडे ८ शोधतात आणि ४ टाळतात, कारण तिथे चारचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. ८८८८ वाल्या नोटेला चीनमध्ये गिऱ्हाईक मिळतं. इथे मिळेलच असं नाही.

'जुनी नोट विका, लाखो कमवा' या पोस्ट मात्र वेगळ्या. त्यात नोट कुणाला नकोच असते. आधी नोंदणी फी, मग कमिशन, मग टॅक्स, असे पैसे तुमच्याकडूनच काढले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, असं काही कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. इशारा भारतीय नोटांबद्दल होता, पण चिनी नोटेचा फोटो टाकून चालणारी युक्तीही हीच आहे. खरा विकत घेणारा आधी पैसे मागत नाही.

खरेदी करायचीच तर हातात नोट घेऊन करावी. दौंडहून लोकल किंवा शिरूरहून एसटी धरून पुण्याचा जुना बाजार गाठता येतो. बुधवारी आणि रविवारी तिथे नाणी-नोटांवाले बसतात. घासाघीस करावी लागते आणि नकलाही असतात, म्हणून पहिल्या दोन फेऱ्या फक्त बघायला माराव्यात. अभ्यासच करायचा तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे, मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम आहे.

सापडलेल्या नोटेला लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून गणपतीच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट करायची हौस आहे, पण लॅमिनेट केलेली नोट संग्राहकाच्या दृष्टीने संपली. सेलोटेप नको, इस्त्री नको, पाणी लावून पुसणं नको. नोटांसाठीचं पारदर्शक पाकीट घ्यावं. स्वस्त पीव्हीसीचं प्लास्टिक काही वर्षांत चिकट होतं आणि नोटेचा रंग घेऊन जातं. पावसाळ्यात कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला तर ठेवूच नये, कसर लागते.

राहिला कायद्याचा प्रश्न, कारण 'परदेशी नोटा घरात ठेवणं गुन्हा आहे' असाही एक मेसेज अधूनमधून फिरतो. फेमा कायद्याखालच्या २०१५ च्या नियमांनुसार परदेश प्रवासातून उरलेल्या किंवा भेट म्हणून रीतसर मिळालेल्या परकीय नोटा भारतात राहणारा माणूस स्वतःकडे ठेवू शकतो. सगळं मिळून मर्यादा २,००० अमेरिकन डॉलर किंवा तेवढ्या किमतीची. बारा रुपये भावाने पाहिलं तर १ ज्याओची नोट सव्वा रुपयाचीही भरत नाही, त्यामुळे ज्याओच्या नोटांनी ही मर्यादा ओलांडायला घरात पोती लागतील. परदेशी नाण्यांना तर मर्यादाच नाही.